भुसावळची सार्वजनिक स्थाने : बांधली कोणासाठी, उपयोगी पडली कोणास

ज्युबिलीच्या स्मरणिकेत बहुधा देवळाच्या पायाचा दगड कोणी बसविला, घंटा केव्हा आली, कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, ह्यांची नोंद असते. आणि ती असावी हे योग्यच आहे. तथापि ज्या गावात आपले देऊळ उभे आहे त्या गावाची घडण ध्यानात घेतल्यावाचून देवळाचाही इतिहास पुरता कळत नाही. भुसावळ हे शहर आगगाडीने वाढविले. येथील स्टेशन, बंगले, चाळी, क्लब, मैदाने, बाजार आणि प्रार्थनास्थाने ही बहुतेक सर्व गेल्या एकशेसाठ वर्षांत उभी राहिली. त्यांतील पुष्कळशा वास्तू कोणा एका वर्गासाठी बांधलेल्या, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणास तरी बाहेर ठेवून बांधलेल्या, अशा होत्या. पुढे काळ पालटला, माणसे पालटली, आणि त्याच भिंतींचा उपयोग निराळा होऊ लागला. वास्तू कोणासाठी बांधली ह्याहून तिच्यात कोणास निर्वेधपणे थांबता येते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे आमचे मत ह्या गावाच्या इतिहासावरून झाले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे आणि त्यावरून आपल्या स्वतःच्या आवारासंबंधी दोन शब्द सुचवावे, इतकाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आगगाडीपूर्वीचा खानदेश

लोकोपयोगी बांधकामे खानदेशात आगगाडीबरोबर आली असे मात्र कोणी समजू नये. भुसावळाहून तापीच्या काठाने वर गेले म्हणजे बऱ्हाणपूर लागते. फारुकी सुलतानांच्या काळी ते खानदेशच्या राजधानीचे शहर होते. सन १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आल्यावर ते मोगलांचे दक्षिणेकडील मोठे ठाणे झाले. तेथे अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असता, सन १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी भुयारी मार्गाने शहराकडे आणण्याची योजना झाली. ह्या भुयारावर ठिकठिकाणी, मिळून शंभराहून अधिक, विहिरीसारख्या कुंड्या बांधलेल्या आहेत, म्हणून लोक त्यास कुंडी भंडारा म्हणतात. ह्या योजनेत मोट नाही, बैल नाही, रहाट नाही. केवळ जमिनीच्या उताराने पाणी एका कुंडीतून दुसरीत वाहत जाते. फौज गेली, दरबार गेला, बादशाहीही गेली. परंतु चारशे वर्षांनंतरही ते पाणी सर्वस्वी आटलेले नाही.

त्याच सन १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीस जात असता बऱ्हाणपुरास उतरला होता. त्यास सराईतील खोल्या मिळाल्या. त्या त्यास भट्टीसारख्या वाटल्या व तशी तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. राजाच्या वकिलास जी जागा अपमानास्पद वाटली, त्याच तऱ्हेच्या जागेत रोजचा व्यापारी, यात्रेकरू व उंटवाला उन्हापासून आणि चोरापासून आसरा घेत असे. उतरण्याची जागा चांगली की वाईट हे पुष्कळदा उतरणाऱ्याच्या गरजेवरून ठरते.

पेशवाईचा अंमल सन १८१८ मध्ये संपल्यावर खानदेश इंग्रजांकडे आला. तेथील पहिले अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले, आणि जुन्या वस्तीशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखून व्यापाऱ्यांस व कारागिरांस तेथे वसण्यास उत्तेजन दिले. आजही धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. पुढे सन १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांना आरंभीच्या दिवसांत धुळ्याकडेच पांझरेच्या पाटाचे काम मिळाले होते. भारतरत्न झालेल्या ह्या पुरुषाच्या हाताला पहिले वळण खानदेशाच्या मातीने व पाण्याने लावले, ही आपणा खानदेशवासीयांस अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु ह्या जुन्या व्यवस्थेत एक मोठे वैगुण्य होते, आणि ते झाकून ठेवणे इतिहासलेखकास शोभणार नाही. गावची विहीर गावाची खरी, पण सर्व गावाची नव्हे. चावडी, पाणवठा, धर्मशाळा, देवालयाचा ओटा, ह्या सर्व ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी कोठपर्यंत यावे ह्याची रेषा ठरलेली होती. ती रेषा कोणी चुन्याने आखली नव्हती, तरी ती भिंतीहून पक्की होती. पुढे आगगाडीने ह्या रेषेचे काय केले ते आता पाहू.

रुळांच्या दोन्ही अंगांस

ता. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धावली, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने खानदेशाकडे मार्ग वळविला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस लवकर मुंबई बंदरात पोहोचावा ही निकड त्यामागे होती. आणि सन १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाल्यावर ती निकड दसपट वाढली. सन १८६३ च्या सुमारास रूळ भुसावळास पोहोचले. थळ घाटाचे अवघड काम पुरे होऊन सन १८६५ च्या आरंभी मुंबईशी अखंड मार्ग जुळला. सन १८६७ मध्ये गाडी नागपुरास गेली, आणि मार्च १८७० मध्ये खंडवा-जबलपूर मार्गाने मुंबई व कलकत्ता ही शहरे जोडली गेली. हे दोन्ही फाटे ज्या ठिकाणी फुटतात तेच आपले भुसावळ होय.

वाफेच्या इंजिनास दर ठराविक अंतरावर पाणी, कोळसा आणि ताज्या दमाची माणसे लागत. तापीचे पाणी जवळ, आणि दोन मार्गांचा सांधा येथेच. म्हणून इंजिनांची शेड, दुरुस्तीचे कारखाने आणि विस्तीर्ण यार्ड येथे झाले. जेथे पूर्वी लहानसे खेडे होते तेथे युरोपियन व अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोमंतकीय स्वयंपाकी व गार्ड, मद्रासेकडील फिटर व कारकून, उत्तर हिंदुस्थानातील खलाशी, आणि खानदेश, वऱ्हाड व नगरकडील मराठी कामकरी अशी नाना मुलखांची माणसे येऊन राहिली. त्यांना घरे देणे कंपनीस भाग पडले; आणि कंपनीने घरे दिली ती माणसांच्या पायरीप्रमाणे दिली.

ह्या पायऱ्यांची साक्ष भुसावळातील वस्त्यांची नावेच देतात. पंधरा बंगला, बारा बंगला ही नावे एकीकडे. आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ ही दुसरीकडे. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्यास आगवाला म्हणत. बंगला म्हणजे उंच जोते, चहूबाजूंस व्हरांडा, उतरते छप्पर, वारा खेळावा म्हणून उंच तक्तपोशी, मागे नोकरांच्या खोल्या आणि भोवती झाडांचे आवार. चाळ म्हणजे एका ओळीत खोल्या, पुढे अरुंद पडवी आणि सर्वांस मिळून एक नळ. भुसावळचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांस ह्या दोन तऱ्हांतील भेद अधिक सांगावयास नको. ज्यास दिवसभर भट्टीपुढे उभे राहावयाचे त्याच्या वाट्यास रात्री तापलेल्या पत्र्याची खोली, आणि ज्यास कचेरीत बसावयाचे त्यास व्हरांड्याची सावली, अशी ही वाटणी होती.

ह्यात आणखी एक भेद होता. सन १८८२ मध्ये भुसावळास नगरपालिका झाली. पण रेल्वेच्या हद्दीत कारभार रेल्वेचा. रस्ते, दिवे, पाणी, साफसफाई ह्यांची दोन निराळी राज्ये एकाच गावात नांदू लागली. आजही नव्या माणसास हे दोन कारभार समजून घेण्यास वेळ लागतो.

असे असूनही चाळीत एक गोष्ट घडली, जी कंपनीने नकाशात काढली नव्हती. नळ एकच असल्यामुळे निरनिराळ्या जातींच्या, भाषांच्या व धर्मांच्या स्त्रियांना एका रांगेत उभे राहावे लागले. ह्यातून तंटे झाले, विटाळाच्या कुरबुरी झाल्या, हे खरे. पण तेथेच तमिळ बाईने मराठी शब्द उचलले, आणि कोणाच्या घरी मूल आजारी आहे हे साऱ्या ओळीस कळू लागले. पडवी अरुंद, म्हणून एकाचे दुःख दुसऱ्याच्या दारापर्यंत येई. बंगल्याच्या आवारास ही सोय नव्हती. आम्ही चाळीच्या दारिद्र्याची स्तुती करीत नाही. माणसे एकमेकांस भेटतील अशी जागा, लहान का असेना, बांधकामात राहिली म्हणजे ती माणसांच्या कशी कामी येते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

मुसाफिरखाना आणि पाण्याची मटकी

स्टेशन हे भुसावळचे सर्वांत मोठे सार्वजनिक स्थान. येथे राजा आणि रंक एकाच फलाटावर उभे राहतात असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु जुन्या काळी फलाट एक असला तरी थांबण्याची जागा एक नव्हती. वरच्या वर्गाच्या उतारूंस खुर्च्या-पंख्यांचे प्रतीक्षालय व जेवणघर. तिसऱ्या वर्गास उघडा मुसाफिरखाना. देशभरच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी निराळी व्यवस्था असे. रेल्वेने सर्व जातींस एका डब्यात बसविले. मात्र पाण्याच्या मटक्यापाशी आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी तिने जुन्या रेषा जशाच्या तशा राखल्या, किंबहुना त्यांवर पाट्या लावून त्या अधिक ठळक केल्या.

तिसऱ्या वर्गाच्या उतारूंवरच रेल्वेच्या उतारू वाहतुकीचे मोठे उत्पन्न अवलंबून, आणि सोयी मात्र त्यांसच कमी, ही तक्रार फार जुनी आहे. महात्मा गांधींनी सन १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गातील प्रवासाची घाण, गर्दी व अव्यवस्था ह्यांवर स्वानुभवाने लिहिले. सन १९२०-२१ मध्ये नेमलेल्या ॲकवर्थ समितीपुढेही ह्या तक्रारी आल्या. तिच्या शिफारशींवरून पुढे रेल्वे कंपन्यांचा कारभार सरकारने हाती घेण्यास आरंभ केला, आणि सन १९२५ मध्ये आपली जी. आय. पी. रेल्वेही सरकारच्या ताब्यात आली. तिसरा वर्ग ह्या नावाचा शेवट मात्र सन १९७४ मध्ये झाला.

स्टेशनाने दुःखेही आणली. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग झाल्यावर लोक रेल्वेने पळाले व साथ त्यांच्याबरोबर गावोगाव गेली. स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. सन १९१८ चा इन्फ्लुएंझाही रुळांच्या वाटेनेच पसरला. जी जागा सर्वांस जोडते ती सर्वांचे सुख जसे वाहते तसे सर्वांचे रोगही वाहते. म्हणून तेथील पाणी, हवा व स्वच्छता ह्यांची काळजी घेणे हे सोयीचे नव्हे तर जीविताचे काम आहे.

दरवाजे आपोआप उघडले नाहीत

काळ लोटला की भिंती आपोआप पडतात, असे मानणारे लोक पुष्कळ आहेत. इतिहास तसे सांगत नाही. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. म्हणून ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाड येथे चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीने प्यावे लागले. कागदावर उघडलेला दरवाजा माणूस त्यातून आत जाईपर्यंत बंदच असतो, हा त्या दिवसाचा धडा होय.

आपल्या रेल्वेवरही हाच प्रश्न होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये, भुसावळाप्रमाणेच आगगाडीने वाढविलेल्या मनमाड येथे, जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी जे सांगितले ते आपण रेल्वेच्या गावातील लोकांनी विसरू नये. अस्पृश्य माणसास रुळांवर गँगमन म्हणून राबविले जाते, पण स्टेशनावर पोर्टर होऊ दिले जात नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामेही करून घेतो, आणि त्याच्या घरात ह्या माणसाचा प्रवेश चालत नाही. कारखान्यांतही वरच्या जागा त्यांच्या वाट्यास येत नाहीत. म्हणजे घराच्या उंबरठ्यावरील जुनी रेषा थेट स्टेशनाच्या फलाटापर्यंत लांबली होती. दगड नवा, लोखंड नवे, घड्याळ नवे. पण उंबरठा जुनाच.

ह्याच्या आधी थोडेच दिवस, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या शेजारी यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. शहर सोडून खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि शेतकऱ्यांसंबंधीचा महत्त्वाचा कार्यक्रम तेथे संमत झाला. वास्तुकलेच्या दृष्टीनेही हे अधिवेशन संस्मरणीय आहे. खेड्यात मिळणारे सामान व खेड्यातील हात ह्यांनीच सारे उभारावे, असा गांधीजींचा आग्रह होता. आणि शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस ह्यांनी बांबू, चटया आणि तत्सम साध्या वस्तूंतून तेथील नगर सजविले. ज्यास दगडी कमान पाहून संकोच वाटला असता, तो शेतकरी बांबूच्या कमानीखालून आपल्याच शेतात शिरावे तसा शिरला असेल. ते नगर काही दिवसांनी उतरविले गेले. पण लोकांसाठी बांधावयाचे तर त्यांना परके वाटणार नाही असे बांधावे, हा फैजपूरचा बोध आजही टिकून आहे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेले साने गुरुजी हेही आपल्याच खानदेशच्या मातीत वाढलेल्या सेवेचे उदाहरण. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राणांतिक उपोषण मांडले आणि ते मंदिर खुले झाले. पुढे ता. २६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना अंमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराची ठिकाणे ह्यांचा नामनिर्देश करून तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून कोणास अटकाव होणार नाही असे सांगितले आहे. समतेची घोषणा करून घटनाकार थांबले नाहीत. विहीर आणि घाट ह्यांची नावे त्यांनी घेतली. कारण समता ही शेवटी कोणत्या तरी जागेवर उभी राहूनच सिद्ध व्हावी लागते.

नवी माणसे, जुन्या भिंती

सन १९४७ नंतर भुसावळचे रूप झपाट्याने पालटले. युरोपियन अधिकारी मायदेशी गेले. अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी कित्येक पुढील वर्षांत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत गेली. त्यांच्या बाकांवरील जागा आपल्या देवळांतही रिकाम्या झाल्या. त्याच सुमारास फाळणीने घर गमावलेली सिंधी कुटुंबे आली आणि त्यांची वसाहत येथे झाली. सन १९४९ मध्ये दारूगोळ्याच्या सामानाचा सरकारी कारखाना निघाला. सन १९५१ मध्ये जी. आय. पी. आणि इतर रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. पुढे वाफेची इंजिने गेली, विजेची आली. आगवाला हा धंदा नाहीसा झाला, नाव तेवढे चाळीस उरले. रेल्वेच्या गावांतील क्लब व इन्स्टिट्यूट, जेथे पूर्वी वर्ण पाहून प्रवेश मिळे, तेथे आता सर्व तऱ्हेच्या कामगारांच्या मुलांची लग्ने आणि स्पर्धा होऊ लागल्या. लिंपस क्लब हे नाव आज भुसावळात एका भागाचा पत्ता म्हणून सर्वांच्या तोंडी आहे. मैदानांवर सभा, सामने, मेळावे व प्रदर्शने भरू लागली. मूळ बांधणाऱ्याच्या मनात जे नव्हते ते काम त्या भिंतींनी व त्या मोकळ्या जमिनीने केले.

आपल्या देवळांसंबंधीही निःपक्षपातीपणे लिहिले पाहिजे. खानदेशातील कॅथलिक हे सन १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताचे अंग होते, आणि सन १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत झाल्यावर त्याचे झाले. जर्मन जेज्वीट मिशनऱ्यांनी ह्या मुलखात फार कष्ट केले. पहिल्या महायुद्धात त्यांना हा देश सोडावा लागला. त्या काळी देशातील अनेक रेल्वे-गावांच्या देवळांतून पुढील बाके साहेबांची व मागील बाके इतरांची, अशी वहिवाट असे. प्रवचन इंग्रजी, मिस्सा लॅटिन, आणि मराठी माणूस मागे भिंतीशी उभा. देवासमोर सर्व समान हे तत्त्व सांगणाऱ्या वास्तूतही रेल्वेच्या वर्गांची सावली शिरली होती.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने सन १९६३ मध्ये उपासनेसंबंधीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, आणि त्यानंतरच्या काळात देवळांच्या अंतर्भागात फार मोठा पालट झाला. वेदी भिंतीपासून पुढे आली व धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. वेदी आणि भाविक ह्यांमधील कठडे पुष्कळ ठिकाणी निघाले. मराठी भाषा वेदीपर्यंत पोहोचली. वास्तूत केलेला पालट किती थोडा! काही फूट वेदी सरकली, एक कठडा निघाला. पण त्या थोड्या पालटाने मागे भिंतीशी उभ्या असलेल्या माणसास ‘हे तुझे घर आहे’ असे सांगितले. उत्तम वास्तुकला म्हणजे उंच शिखर नव्हे. योग्य जागचा कठडा काढणे हीही वास्तुकलाच आहे.

आजचा प्रश्न

आता भुसावळ पुन्हा एका पालटाच्या उंबरठ्यावर आहे. रेल्वेच्या हद्दीतील कित्येक जुन्या चाळी व क्वार्टरे अलीकडच्या काळात पाडली गेली. जी उरली त्यांतील काही रिकामी, काही मोडकळीस आलेली आहेत. नोकरीवरील माणसे कमी झाली, निवृत्त झालेली कुटुंबे जळगाव, नाशिक, पुणे, कल्याण अशा ठिकाणी गेली. जुनी घरे पडावीत की राहावीत ह्या वादात आम्ही पडत नाही. मोडके छप्पर कोणाच्या डोक्यावर असणे ही काही परंपरेची सेवा नव्हे. आमचा प्रश्न इतकाच, की चाळीबरोबर तिची पडवी गेली, सामाईक नळ गेला, मैदानाला कुंपण पडले, तर माणसे एकमेकांस भेटणार कोठे?

ह्या प्रश्नाची दारुण बाजू सन २०२० मध्ये साऱ्या देशाने पाहिली. टाळेबंदीत गाड्या बंद असता, जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील काही मजूर घराकडे जाण्यासाठी पायी निघाले. भुसावळास पोहोचले म्हणजे तेथून गावाकडे गाडी मिळेल, ही त्यांची आशा होती. रात्रभर चालून थकल्यावर, गाड्या बंद आहेत अशा समजुतीने, करमाडजवळ ते रुळांवरच झोपले, आणि ता. ८ मे रोजी पहाटे मालगाडीखाली सोळा जणांचा अंत झाला. त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. ज्या गावाचे नाव ह्या माणसांच्या ओठांवर शेवटच्या वाटचालीत होते ते आपले गाव. आपल्यापैकी कोणाचा त्यात दोष नव्हता. पण त्यांनी भुसावळाकडून काय अपेक्षिले होते हे आपण ओळखावे. थांबण्यास जागा, पिण्यास पाणी आणि पुढच्या वाटेची गाडी. सराईकडून, धर्मशाळेकडून, मुसाफिरखान्याकडून शेकडो वर्षे वाटसरूने हेच मागितले आहे.

ज्युबिलीच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामात नवे सभागृह बांधावे, की जुन्या आवाराची नीट डागडुजी करावी, अशी चर्चा ऐकू येते. दोन्ही बाजूंचे लोक देवळावरील प्रेमानेच बोलतात. आमचे म्हणणे असे, की सभागृह बांधावयाचे तर खुशाल बांधावे, पण प्रथम तीन गोष्टी कराव्या. फाटकापाशी, रस्त्यावरील माणसास आत न येताही पिता येईल असा, वर्षभर चालणारा थंड पाण्याचा नळ असावा. आवारात सावली देणारी झाडे राखावी व त्यांखाली पाठ टेकता येईल अशी बाके असावी. त्यांवर देणगीदाराचे नाव असो वा नसो, बसणाऱ्यास त्याचे नाव कोणी विचारू नये. आणि सभागृह होईल ते असे असावे, की शाळकरी मुलास अभ्यासास, शेजारच्या हिंदू, मुसलमान वा बौद्ध कुटुंबास अडीअडचणीस, आणि एकट्या राहिलेल्या वृद्धास दुपारच्या वेळी बसावयास ते उपयोगी पडावे. वर्षाकाठी चार लग्ने होऊन एरवी कुलूप राहील असे ते नसावे. देणगी गोळा करणाऱ्या बंधूंनी हा विचार हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.

आपल्या प्रभूचा जन्म झाला त्या रात्री उतारशाळेत त्याच्या मातापित्यांस जागा मिळाली नाही. आणि त्यानेच पुढे जो शोमरोनी मनुष्य आपणास आदर्श म्हणून दाखविला, त्याने जखमी वाटसरूस उतारशाळेत नेऊन त्याच्या राहण्याचा खर्च भरला. ह्या दोन उतारशाळांपैकी आपले आवार कोणती होणार, हे पुढील वर्षांत आपल्या हाती आहे. बऱ्हाणपूरच्या कुंडीतील पाणी पिणाऱ्यास सुभेदाराचे नाव ठाऊक असावे लागत नाही. तशी सेवा ह्या देवळाच्या आवाराकडून भुसावळकरांस पिढ्यानुपिढ्या घडो, आणि तिचे श्रेय आपणांपैकी कोणाच्या नावावर न राहो, हीच ह्या ज्युबिलीच्या प्रसंगी परमेश्वरचरणी आमची प्रार्थना आहे.